आखलेल्या रेघा आणि हिरावलेली फुरसत

माणूस थकला की त्याला शांती हवी असते, आणि शांतीची गरज दिसली की तिचा व्यापारी उभा राहतो. ‘प्रौढांसाठी रंगभरणाची पुस्तके’ हा त्या व्यापारातला अलीकडचा माल. स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफर्ड यांच्या २०१३ सालच्या पुस्तकाने या लाटेला जोर चढला. पुढच्याच वर्षी वेल्समधील मिली मरोटा यांचे ‘अ‍ॅनिमल किंगडम’ आले. हत्ती, घुबड, मोर यांच्या अंगावर बारीक नक्षीचे शेकडो कप्पे आखून द्यायचे आणि ग्राहकाने ते रंगवायचे! आपल्या शहरांतही अशी पुस्तके ताणमुक्तीचे साधन म्हणून खपवली जातात.

रंग भरण्यात मन रमते, याबद्दल वाद नाही. दिवसभर राबलेल्या परिचारिकेने रात्री अर्धा तास मोराचा पिसारा रंगवला, तर तिची टवाळी करणारा समाजवादी करंटाच म्हणावा लागेल. आक्षेप आहे तो ताणाचे कारण झाकून त्याचा उतारा विकणाऱ्या विचारसरणीला. ताण व्यक्तीच्या मनात उपजतो, सबब त्याचा इलाजही व्यक्तीने स्वतःच्या खर्चाने, एकट्याने करावा, ही तिची शिकवण. मग कामाचे तास, कंत्राटी नोकरी आणि अपुरे वेतन यांची चर्चाच उरत नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात तरी ही शिकवण सहज पचू नये. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील एका स्तंभावर चार हरणांना मिळून एकच मस्तक कोरलेले आहे. कोणत्याही हरणाकडे पाहा, ते मस्तक त्याचेच वाटते. त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याचे कारण नाही. दान देणाऱ्यांची नावे शिलालेखांत आली, राबणारे हात बहुतांशी अनामिकच राहिले. तरीही तेथे कष्टकऱ्याच्या हातात छिन्नीबरोबर कल्पनाही होती. त्याच जिल्ह्यातील पैठणचा विणकर पैठणीच्या पदरावर मोर आणि मुनिया उमटवतो, ते रंगीत रेशमाचा एकेक धागा हाताने गुंफून. एका पैठणीसाठी कित्येक महिने जातात. त्याच्या डोळ्यांचा आणि पाठीचा ताण कोणत्या पुस्तकाने उतरावा?

वाळूजच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराची स्थिती याहून बिकट. आराखडा दुसऱ्याचा, वेग यंत्राचा, त्याचे केवळ हात. श्रमातील या परात्मतेवर बाजार जो तोडगा सुचवतो, तोही त्याच साच्याचा आहे : रेघा दुसऱ्याने आखायच्या, स्वातंत्र्य फक्त रंग निवडण्याचे! शिवाय तेवढे स्वातंत्र्य उपभोगायला लागणारी फुरसत तरी त्याच्यापाशी कोठे आहे?

फुरसत ही कोणा मालकाने दिलेली देणगी नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. आज काळाचे चाक उलटे फिरवले जात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असे समर्थन केले जाते. परंतु १२ तास यंत्रापुढे उभे राहून, त्यात जाण्यायेण्याचा वेळ मिळवून घरी परतणाऱ्या माणसाला त्या दिवशी मुलाशी बोलण्याइतके तरी त्राण उरेल काय?

तेव्हा हा विषय किरकोळ समजून कार्यकर्त्यांनी बाजूला सारू नये. कामाच्या तासांचा लढा हा सांस्कृतिक लढाही आहे. कामगार वस्त्यांत चित्रकलेचे वर्ग चालावेत, अजिंठ्याच्या सहली निघाव्यात, विणकरांना तेथे सन्मानाने बोलवावे. आणि त्याच बैठकांत १२ तासांच्या दिवसाविरुद्ध ठराव व्हावेत. कष्टकऱ्याला कोरा कागद हवा आणि त्यावर स्वतःची रेघ ओढण्याइतका वेळ हवा. तो वेळ कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही; तो संघटनेच्या बळावरच मिळवावा लागतो.