झाकणाला इज्जत द्या!

सर्वप्रथम रेक्टर सरांना नम्र विनंती : विषय वाचून लगेच रूम चेकिंगला निघू नये. हा लेख वाइनबद्दल नाही, वाइनच्या बाटलीच्या तोंडाबद्दल आहे. आणि त्याला निमित्त झाली आमची इंडस्ट्रियल व्हिजिट.

नाशिकजवळच्या एका वायनरीत आम्ही बॉटलिंग लाइन बघत उभे होतो. भरलेल्या बाटलीवर अ‍ॅल्युमिनियमची साधी टोपी बसायची, मशीनचे रोलर ती दाबत गोल फिरायचे आणि काचेवरचे आटे पत्र्यावर जसेच्या तसे उमटायचे. झालं सील! आम्ही मेकॅनिकलवाले एकदम खूश. तेवढ्यात शेजारच्या ग्रुपमधल्या एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, हे तर देशीच्या बाटलीसारखं झाकण! चांगल्या वाइनला बूच असतं ना?" गाइड दादा कसनुसं हसला. "नाही काकू, हे पण चांगलंच असतं," एवढंच पुटपुटला आणि पुढे निघाला.

मला काकूंचा नाही, दादाचा राग आला. इतकं सॉलिड उत्तर असताना माणूस इतका ओशाळतो कशाला?

आधी बुचाचं कौतुक करू, कारण ते खरंच ग्रेट मटेरियल आहे. (आपल्याकडे पांढऱ्या सुवासिक फुलांचं 'बुचाचं झाड' असतं ते हे नव्हे. बाटलीचं बूच एका जातीच्या ओक वृक्षाच्या सालीपासून करतात आणि जगातलं निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं.) 1665 साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप पाहिला, त्यात कप्पे दिसले आणि 'सेल' हा शब्द विज्ञानात आला. या हवाबंद कप्प्यांमुळेच बुचाचा पॉयसन रेशो जवळजवळ शून्य आहे. म्हणजे काय, तर एका बाजूने दाबलं तरी ते दुसऱ्या बाजूने फुगत नाही. म्हणून 24 मिलिमीटरचं बूच 18-19 मिलिमीटरच्या तोंडात घुसतं आणि आत जाऊन काचेला घट्ट धरून बसतं. रबराचं करून बघा, वरून दाबलं की बाजूंनी फुगून अडकेल! निसर्गाने असं डिझाइन केलंय की सबमिशनला फुल मार्क्स.

मग प्रॉब्लेम कुठे? प्रॉब्लेम असा की बूच शेवटी झाडाची साल आहे. सालीत बुरशी असते. बुरशीची क्लोरीनच्या संयुगांशी गाठ पडली की टीसीए नावाचं एक द्रव्य तयार होतं आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटासारखा वास येतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरेत! पाच नॅनोग्रॅम धरले, तर एक ग्रॅम टीसीए 20 कोटी लिटर वाइन बिघडवू शकेल. ऑलिम्पिक साइजचे 80 स्विमिंग पूल भरतील इतकी. आणि बाहेरून बघून कोणतं बूच दगा देणार हे कळत नाही. बाटली उघडल्यावरच कळतं.

स्क्रू कॅपमध्ये ही भानगडच नाही. तिचं खरं काम आटे करत नाहीत, आतली पातळ चकती करते. टिनचा पत्रा आणि त्यावर प्लॅस्टिकचा थर, असं तिचं सर्वसाधारण रूप. 1999 साली ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने एकच सेमियों वाइन चौदा प्रकारच्या बुचा-झाकणांनी बंद करून तुलना केली. ताजेपणा टिकवण्यात स्क्रू कॅप सरस ठरली. प्रामाणिकपणे सांगायचं तर तिच्यातही एक खोट निघाली : झाकण इतकं हवाबंद की काही वाइनला किंचित रबरासारखा वास राहिला. पण तो दोष वाइन बनवतानाच्या काळजीने आणि चकतीच्या निवडीने आटोक्यात येतो. साल मात्र सालच राहते.

आता खरी गंमत ऐका. स्क्रू कॅप काही नवा शोध नाही. ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकातच ती वाइनच्या बाटलीवर आली होती आणि सपशेल आपटली. कारण? गिऱ्हाईक म्हणालं, हे स्वस्तातलं दिसतं. म्हणजे तिकडेही आपल्या काकू होत्याच! झाकण तेच, फिजिक्स तेच, निकाल नापास.

मग 2000 साली क्लेअर व्हॅलीतल्या रिस्लिंग बनवणाऱ्यांनी काय केलं? सगळे एकत्र आले आणि आपली उत्तम रिस्लिंग स्क्रू कॅपखाली बाजारात आणली. लपवाछपवी नाही, 'चालवून घ्या' नाही. आमची चांगली वाइन खराब बुचाने बिघडू नये म्हणून हे झाकण, असं ठणकावून सांगितलं. 2001 मध्ये न्यूझीलंडवाल्यांनीही तसाच एकत्र पुढाकार घेतला. आज न्यूझीलंडची बहुतेक सगळी वाइन स्क्रू कॅपमध्येच येते आणि तिला कोणी हलकी म्हणत नाही.

माझा मुद्दा हाच आहे. प्रश्न इंजिनिअरिंगचा कधीच सुटला होता. अडलं होतं ते प्रतिष्ठेपाशी. आणि प्रतिष्ठा स्वस्त मालावर झाकण लावून मिळत नाही, आपल्या सगळ्यात चांगल्या मालावर लावून मिळते.

आपल्याकडे तर हे जास्तच लागू पडतं. महाराष्ट्र सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 चं. म्हणजे आपली वाइन अजून तरुण आहे आणि पिणारेही बरेचसे नवखे. मुरलेल्या माणसाला बुचाचा वास आला तर तो बाटली परत करतो. आपल्याकडचा नवखा माणूस म्हणतो, "वाइन अशीच लागते वाटतं," आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. चूक सालीची, बदनामी नाशिकच्या द्राक्षाची! शिवाय बुचाची बाटली आडवी ठेवावी लागते, नाहीतर बूच सुकतं आणि हवा आत शिरते. आपल्या दुकानांत एप्रिलच्या उकाड्यात बाटल्या कवायतीला उभं केल्यासारख्या शेल्फवर. उकाड्याने वाइन कुठल्याही झाकणाखाली बिघडते हे मान्य, पण निदान सुकलेल्या बुचाचा त्रास तरी वाचेल. आणि ज्या घरात कॉर्कस्क्रू नाही, तिथे चमच्याने बूच आत ढकलायची नामुष्कीही टळेल.

आता दुसरी बाजू, आणि ही मला खरंच अस्वस्थ करते. बुचासाठी झाड तोडत नाहीत, फक्त साल काढतात. पहिली साल काढायला झाड साधारण 25 वर्षांचं व्हावं लागतं, पुढे दर नऊ वर्षांनी. बाटलीच्या लायकीची साल तिसऱ्या खेपेला मिळते, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर! हे सगळं काम कुऱ्हाडीने, हाताने चालतं आणि साल कुठल्या वर्षी काढली त्याचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात. उद्या बुचाला गिऱ्हाईकच उरलं नाही तर ते जंगल कोण राखणार? अ‍ॅल्युमिनियमच्या टोपीसाठी कुठलं जंगल उभं राहत नाही, उलट वीज भरमसाट जळते.

म्हणून 'बूच हटाव' असं मी म्हणत नाही. वीस वर्षं मुरवायची रेड वाइन असेल, तर बुचातून अगदी थोडी हवा मिळणं अनेकांना हवंच असतं. शॅम्पेनमध्ये मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, तिथे तारेने बांधलेलं बूचच शोभतं. आणि स्क्रू कॅपची धास्ती बसल्यावर बूचवालेही जागे झाले. क्लोरीनने धुणं बंद केलं, एकेक बूच मशीनने तपासायला लागले. स्पर्धेने बुचाचंही भलंच केलं की! पण जी वाइन वर्षा-दोन वर्षांत संपवायची आहे, आणि आपली बरीचशी तशीच आहे, तिला केवळ 'टॉक्क' आवाजासाठी बूच लावणं म्हणजे हौस आहे, क्वालिटी नव्हे.

जे उघडायला अवघड ते भारी, असं आपण धरूनच चालतो. (आमच्या काही टेक्स्टबुकांचीही प्रतिष्ठा याच तत्त्वावर टिकून आहे, पण ते असो.)

गाइड दादा, हा अंक तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे माहीत आहे. पण पुढच्या वेळी काकूंनी विचारलं तर ओशाळू नका. ताठ मानेने सांगा, "काकू, वाइन चांगली आहे, म्हणूनच हे झाकण लावलंय!"