गवताचा हिशेब कोण ठेवणार?

शहाद्याहून तोरणमाळच्या वाटेला लागले की म्हसावद येते. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव. वर डोंगरातले पाडे, खाली काळ्या जमिनीची शेती. शेळ्या-बोकडांचा व्यापारी, खाटीक, कातडी घेणारा आणि दूधवाला, असे आपल्यातले अनेक जण अशाच गावांच्या आधाराने पोट भरतात. या सगळ्यांचे मूळ भांडवल एकच आहे, ते म्हणजे रानातले गवत. दुकानदार साखरेच्या पोत्याचा हिशेब ठेवतो, उधारीचा ठेवतो. पण गवताची वही आपल्यापैकी कुणाच्याही पेढीवर नाही.

गवताशी आपले नाते आजचे नाही. 1880 साली छापलेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये रोशा गवताच्या तेलाची हकीकत आहे. पावसाळा सरत आला की भिल्लांकडून गवत विकत घ्यायचे, ओढ्याकाठी भट्टी लावायची आणि वाफेवर तेल काढायचे. हे काम करणारे बहुतेक मुसलमान कारागीर होते. नंदुरबार, तळोदा, शहादा हा त्यांचा मुलूख. तेल सुरतेला आणि मुंबईला जाई, तिथून परदेशी. तुर्कस्तानात ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. पुढे रोशाची शेतात लागवड होऊ लागली, कारखान्यातली कृत्रिम सुगंधी द्रव्ये आली आणि रानातल्या भट्ट्यांचे दिवस सरले. त्यातून घेण्याचा धडा मात्र आजही ताजा आहे. कच्चा माल रानातून मिळतो तोवर तो कोण राखतो हे कारागीर विचारत नाही, आणि विचारतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आज सार्वजनिक चराईची जमीन कोण सांभाळते? गायरान महसूल खात्याच्या दप्तरी. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 22 नुसार गावाच्या गुरांसाठी जमीन राखून ठेवता येते. डोंगरावरचे रान वनखात्याकडे, 1927 च्या कायद्याखाली. जनावर आजारी पडले तर पशुवैद्य, पिकाला कीड लागली तर कृषी सहायक. पण तालुक्याच्या कचेरीत गवताचा म्हणून अधिकारी नाही. वनरक्षक गुरे अडवतो, दंड करतो. हे रान किती गुरे पोसू शकते, हे सांगणे त्याचे काम नाही. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यासाठी योजना करा, असे सर्व राज्यांना बजावले. जमीन मोकळी झाली तरी तिच्यावर गवत कोण वाढवणार, हा प्रश्न उरतोच.

कुरणाच्या जाणकाराचे काम व्यापाऱ्याला लगेच कळेल असे आहे. तो आधी साठा मोजतो, म्हणजे एकरी किती गवत उगवले ते पाहतो. त्यातले साधारण निम्मे चरायचे आणि निम्मे राखायचे, हा त्याचा ढोबळ नियम. मुद्दल खाऊ नये, नफ्यावर जगावे, तसेच हे. रानाचे तो भाग पाडतो आणि एक भाग पाळीपाळीने बी धरेपर्यंत बंद ठेवतो. गवताची जात पाहून त्याला रानाची तब्येत कळते. पवन्या आणि मारवेल टिकून असतील तर रान चांगले. कुसळी माजली तर समजावे की चराई फार झाली. ही कुसळे मेंढीच्या लोकरीत अडकतात, कातडीत रुततात आणि मालाचा भाव पाडतात. रानाची हेळसांड अशी थेट आपल्या तागडीत उतरते. पिकलेल्या रोशाला जनावर फारसे तोंड लावत नाही. म्हणजे नीट आखणी केली तर चराई आणि भट्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

अमेरिकेत बेसुमार चराईने राने उजाड झाली, तेव्हा 1934 साली चराईचा कायदा झाला. आज तिथे एकच सरकारी खाते चराईची सुमारे 15 कोटी एकर जमीन सांभाळते आणि त्यासाठी कुरणतज्ज्ञ नोकरीला ठेवते. आपल्याकडेही झाशीला 1962 पासून गवत व चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. ज्ञान आहे, पण ते म्हसावदपर्यंत पोहोचलेले नाही.

जवळच साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैतराम पवारांच्या पुढाकाराने रान राखून दाखवले. नगरकडे हिवरे बाजारने चराईबंदी पाळली आणि गावाला चारा मिळाला. तरीही सरसकट बंदी हे सगळीकडचे औषध नव्हे. ज्याच्याकडे जमीन नाही, चारच शेळ्या आहेत, त्याने त्या कुठे न्याव्यात? ठेलारी मेंढपाळांनी कळप कुठे चारावा? अरबस्तानात राखीव कुरणाला हिमा म्हणत. हजरत उमर यांनी अशा कुरणाच्या राखणदाराला ताकीद दिली होती की थोडी जनावरे असलेल्या गरिबाला आत येऊ दे, मोठ्या कळपांच्या धनिकांना आवर. कुरण राखणे म्हणजे नुसते कुंपण घालणे नव्हे, तो न्यायाचाही प्रश्न आहे. हा न्याय मोजमापाशिवाय होत नाही, आणि मोजमापाला माणूस लागतो.

2006 च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला आणि सामूहिक वन राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला. म्हसावदच्या परिसरातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन एक शिकलेला कुरण-जाणकार नेमावा आणि सरकारने त्याचा पगार द्यावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. ही मागणी आदिवासी शेतकऱ्याची आहे तितकीच व्यापाऱ्याचीही आहे. बाजारात जनावरामागे थोडी रक्कम कुरणासाठी बाजूला काढायची ठरली, तर आपण मागे राहू नये.

आणखी एक. आपली मुले दहावी-बारावीनंतर दुकानात बसतात किंवा गॅरेजात जातात. दापोलीला वनशास्त्राचे महाविद्यालय आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. जनावरांच्या धंद्यात वाढलेल्या मुलाला चारा आणि जनावर दोन्ही कळतात. त्याने हे शास्त्र शिकले तर तो बापाचा धंदाही वाचवील आणि गावाचे रानही. रोशाच्या वेळी आपण हिशेब ठेवला नाही. या वेळी तरी वही उघडूया.