जामीनदार काम ओळखणारा हवा

अंधेरीचा के पश्चिम, बोरिवलीचा आर मध्य, मुलुंडचा टी किंवा घाटकोपरचा एन, यांपैकी एखाद्या विभागातले दोन कोटींचे काम तुम्हाला लागले असे धरू. गटाराचे असेल, शाळेच्या दुरुस्तीचे असेल. निविदेनिविदेत टक्के बदलतात, पण समजा पाच टक्के कार्यपूर्ती हमी द्यायची आहे, पाच टक्के प्रत्येक बिलातून राखीव म्हणून कापले जाणार आहेत आणि दर अंदाजपत्रकाच्या बराच खाली भरल्यामुळे आणखी पाच टक्के जादा ठेव भरायची आहे. एकूण तीस लाख झाले. या कामात सगळे सुरळीत गेले तर आठ-दहा टक्के सुटतात, म्हणजे सोळा ते वीस लाख. नफ्यापेक्षा मोठी रक्कम नफ्याआधी अडकते, आणि दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत तिचा काही भाग सुटत नाही. अशी तीन कामे एकदम चालू असली की नव्वद लाख जागच्या जागी बसून राहतात. सिमेंटवाला मात्र रोख मागतो आणि सेंट्रिंगवाल्याला शनिवारी पगार द्यायचा असतो.

बँक हमी हा यावरचा उपाय समजला जातो. मोठ्या कंपनीसाठी तो आहेही. त्यांना बँकेने मोठी मर्यादा मंजूर केलेली असते, मार्जिन दहा-पंधरा टक्क्यांवर भागते. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना बँक सांगते की जेवढ्याची हमी तेवढ्याची मुदत ठेव ठेवा, नाहीतर गाळा किंवा राहता फ्लॅट तारण द्या. मग त्या ठेवीवर बँक सहा-सात टक्के व्याज देते, आणि तोच माणूस कॅश क्रेडिटवर अकरा-बारा टक्के भरतो. क्रेडिट संपले की बाजारातून त्याच्याही वरच्या दराने उचलतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, हे आपल्या धंद्याइतके कुणाला ठाऊक नसेल.

या जागी हमी विम्याचा, म्हणजे शुअरटी बाँडचा, पर्याय आला त्याला आता काही वर्षे झाली. 2022-23 च्या अर्थसंकल्पात सरकारी खरेदीत बँक हमीऐवजी तो स्वीकारण्याची घोषणा झाली. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या 170 आणि 171 या नियमांत, म्हणजे बयाणा रक्कम आणि कार्यपूर्ती हमी या दोन्ही ठिकाणी, त्याचे नाव घातले गेले. विमा नियामक प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली आणि त्याच वर्षी 19 डिसेंबरला देशातले पहिले असे उत्पादन बाजारात आले. सुरुवातीच्या अटी जाचक होत्या. कंत्राटाच्या किमतीच्या तीस टक्क्यांपुढे हमी देता येणार नाही, विमा कंपनीची सॉल्व्हन्सी नेहमीच्या किमान मर्यादेच्या सव्वापट हवी, असे होते. 2023 मध्ये त्या सैल केल्या. महामार्ग प्राधिकरणाच्या कामांवर 2025 च्या जुलैपर्यंत दहा हजार कोटींहून अधिक रकमेचे बाँड निघाले होते. म्हणजे हा प्रयोग आता कागदावरचा राहिलेला नाही.

पण तो महामार्गावर आहे, मुलुंडच्या गटारावर नाही. आणि आम्हाला भीती वाटते ती अशी की आपण कंत्राटदार मंडळी त्याच्याकडे ‘कमी मार्जिनची बँक हमी’ एवढ्याच नजरेने पाहू आणि त्यातले खरे मोलाचे हातचे घालवू.

बँक हमी देताना बँक बघते काय? तुमची ठेव, तुमचा गाळा. तुमच्या साइटवर बँकेचा माणूस कधी आला आहे का? तुमचे क्यूब टेस्टचे रजिस्टर त्याने मागितले आहे का? पैसे बुडणार नाहीत एवढी खात्री झाली की त्याचे काम संपते. मागणी आली की बँक पैसे देते आणि तुमची ठेव मोडते. चूक कुणाची, हे ती विचारत नाही, विचारणे तिच्याकडून अपेक्षितही नाही. बाँड देणाऱ्या विमा कंपनीचे गणित वेगळे. तारण थोडे किंवा नाहीच, म्हणून तुम्ही काम पुरे कराल की नाही हेच तिला आधी तपासावे लागते. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रे, हातातल्या कामांची यादी आणि त्यात किती काम उरले आहे, पूर्णत्वाचे दाखले, चालू असलेले लवाद आणि खटले, कुठे दंड झाला आहे का, कोणाकडे किती येणे थकले आहे. ज्याच्या हातात झेपण्यापलीकडे कामे आहेत त्याला तिने नाही म्हणावे, आणि ज्याचे काम चोख आहे पण ठेवीला पैसा नाही त्याला हो म्हणावे, हा या पद्धतीचा गाभा आहे. पंचवीस-तीस टक्के खाली दर भरून काम उचलायचे आणि नंतर जादा बाबींत वसूल करायचे, या रोगाला जादा ठेवीने आळा बसलेला नाही. ठेव भरणारे भरतात आणि तोच दर भरतात. निविदा उघडण्याआधीच कोणी तिऱ्हाइताने हिशेब मांडून ‘या दरात हे काम होत नाही, मी जामीन राहणार नाही’ असे सांगितले तर मात्र बसेल.

नुसत्या कागदावर विसंबले की काय होते तेही ताजे आहे. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या पाणी योजनांसाठी दिलेल्या 183 कोटींच्या बँक हमी बनावट निघाल्या आणि केंद्रीय अन्वेषण विभागाने बँकेच्या एका अधिकाऱ्यालाही अटक केली. हमी खरी असल्याचे ईमेल बँकेच्या नावाने आले होते, तेही खोटे होते. इलेक्ट्रॉनिक बँक हमीची सोय 2022 पासून आहे. ती सगळीकडे सक्तीची व्हावी, याबद्दल दुमत नसावे.

आता सावधगिरीचे. बाँड हा तुमचा विमा नाही, एवढे आधी मनाशी पक्के करा. प्रीमियम तुम्ही भरता, संरक्षण मालकाला मिळते. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 126 खालचा हा हमीचा करार आहे. त्यात तिघे असतात: काम देणारा, तुम्ही आणि जामीनदार. विमा कंपनीने पैसे भरले की कलम 140 आणि 145 प्रमाणे ती तेच पैसे तुमच्याकडून वसूल करायला येते, आणि त्यासाठी तुमची, बहुधा भागीदारांची वैयक्तिकसुद्धा, प्रतिहमी तिने आधीच लिहून घेतलेली असते. प्रीमियम भरला म्हणजे सुटलो, असे समजून कुणी सही करू नये.

दुसरे म्हणजे मजकूर वाचा. कलम 133 सांगते की जामीनदाराला न विचारता मूळ करार बदलला तर पुढच्या व्यवहारापुरता तो मोकळा होतो. उपनगरातल्या कोणत्या कामात करार बदलत नाही? खाली अनपेक्षित केबल निघते, मुदतवाढ होते, जादा बाब येते. म्हणून प्रत्येक बाँडात हे कलम सोडून दिल्याची ओळ असतेच. ती असली म्हणजे तुमच्या प्रत्येक मुदतवाढीबरोबर जामीनदाराची जोखीम वाढते आणि पुढच्या बाँडला तो तुम्हाला जास्त आकारतो. जादा बाब मंजूर झाली की त्याच आठवड्यात विमा कंपनीला पत्र टाकायची सवय लावा. तिसरे, हमी कोणाच्या मागणीवर वटणार ते पाहा. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार सरकार या 1999 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हमीची वसुली अडवली, कारण हमीपत्रात मुख्य अभियंत्याचे नाव होते आणि मागणी केली होती कार्यकारी अभियंत्याने. एका पदनामावर कोट्यवधींचा निकाल लागला. विक्रोळीत मुख्यालय असलेल्या कंपनीला जे वाचून फायदा झाला, ते आपल्यालाही वाचता येते.

आमच्या मते बाँडची सगळ्यात निकडीची गरज मात्र पालिकेच्या कामांत नाही, ती सोसायट्यांच्या पुनर्विकासात आहे. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरीच्या गल्ल्यांतून चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती पाडल्या जात आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या शासन निर्णयाने, 2009 मध्ये आणि पुन्हा 4 जुलै 2019 च्या सुधारित निर्णयाने, विकासकाने प्रकल्प खर्चाच्या वीस टक्क्यांची बँक हमी सोसायटीला द्यावी असे सांगितले आहे. प्रत्यक्षात वाटाघाटी होतात, हमी कमी होते, तिच्याऐवजी दोन-चार फ्लॅट राखून ठेवल्याचे लिहून दिले जाते. न बांधलेल्या इमारतीतल्या फ्लॅटची हमी त्याच न बांधलेल्या इमारतीसाठी! काम थांबले की दोन्ही एकदम जातात आणि भाडे बंद झालेली कुटुंबे तेवढी उरतात. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्राचाळीत, 672 कुटुंबांच्या पुनर्वसनाचा करार 2008 मध्ये झाला. म्हाडाला 2018 मध्ये विकासकाला काढावे लागले आणि 2022 मध्ये काम स्वतः हाती घ्यावे लागले. चौदा वर्षे उलटली तरी लोक भाड्याच्या घरांतच होते.

स्वयंपुनर्विकासात तर विकासक मधून जातो आणि सोसायटी थेट कंत्राटदाराशी करार करते. 13 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयाने या मार्गाला सवलती दिल्या, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने कर्जे दिली. आजवर उपकंत्राटदार म्हणून आरसीसी करणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांना वीस-तीस कोटींचे काम स्वतःच्या नावावर घेण्याची ही पहिली संधी आहे. पण समोर बसलेले कोण? निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून, औषधाच्या दुकानाचा मालक. तुमचे काम चांगले की वाईट हे त्यांनी ओळखायचे कसे? आपल्याकडे प्लंबरला पालिकेचा परवाना लागतो, वीजकामाला राज्याचा लागतो, पण सात मजली इमारत उभारणाऱ्या कंत्राटदाराला कसलाच परवाना लागत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात कंत्राटदाराचा परवानाच बाँडशिवाय मिळत नाही. 1 जानेवारी 2023 पासून तो 25 हजार डॉलरचा आहे. तेवढ्याने इमारत पुरी होणार नाही हे उघड आहे, तरी निदान कुणीतरी त्या माणसाला जोखून त्याच्यामागे नाव लावलेले असते. स्वयंपुनर्विकासाच्या कंत्राटाला कार्यपूर्ती बाँड जोडला तर सोसायटीला जामीनदार मिळतो आणि नवख्या पण कसबी कंत्राटदाराला, ज्याच्याकडे चार कोटींची ठेव नाही, दार उघडते.

जामीनदार असण्याचा अर्थ केवळ पैसे भरणे असाही नसावा. मुंबई-ठाणे लोहमार्गाचे काम करणाऱ्या फॅविएलने पुढे बोरघाटाचे कंत्राट घेतले आणि 1859 मध्ये सोडून दिले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी, इथे उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. काम पुरे केले ते त्याची पत्नी ॲलिस हिने, दोन अनुभवी अभियंत्यांना हाताशी धरून. 1863 मध्ये घाट सुरू झाला. काम अर्ध्यावर पडले तर ते उचलून नेणारा माणूस शोधून देणे हे खऱ्या जामीनदाराचे काम. अमेरिकेत बाँड कंपन्या दुसरा कंत्राटदार आणून काम पुरे करून देतात. आपल्याकडचे बाँड आजतरी मागताक्षणी पैसे देण्यापुरते, बँक हमीच्याच साच्यातले आहेत. सोसायटीला मिळालेल्या चार कोटींनी अर्धवट सांगाडा आपोआप पुरा होत नाही. काम पुरे करून देण्याचा पर्याय बाँडच्या मजकुरात असावा, अशी मागणी आपणच केली पाहिजे.

आणखी एक मागणी आपल्या स्वतःच्या खिशाविरुद्ध जाणारी आहे, म्हणून ती आम्ही जोर देऊन मांडतो. आजची प्रत्येक हमी वरच्या दिशेने जाते. पालिका सुरक्षित, सोसायटी सुरक्षित. खडीवाला, आरएमसीचा प्लांट, टाइल्सचा मिस्त्री आणि नाक्यावरून आलेला बिगारी यांच्यासाठी कुणीच जामीन नाही. अमेरिकेत 1935 च्या मिलर कायद्याने केंद्र सरकारच्या मोठ्या बांधकामांवर कार्यपूर्ती बाँडबरोबर देयक बाँडही सक्तीचा केला, कारण सरकारी मालमत्तेवर पुरवठादाराला बोजा चढवता येत नाही. आपल्याकडच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही करार बाँडच्या व्याख्येत उपकंत्राटदार आणि पुरवठादार यांचा उल्लेख आहे. तो वापरात आणायचा तर आधी वरून पैसे वेळेवर आले पाहिजेत. राज्य सरकारकडे सुमारे 89 हजार कोटींची देयके थकल्याचे कंत्राटदार संघटनांनी 2025 मध्ये सांगितले. बिले दोन-दोन वर्षे अडवायची आणि हमी मात्र वेळेवर नूतनीकरण करून मागायची, हा व्यवहार एकतर्फी आहे. कामाची बिले साठ दिवसांहून जास्त थकली तर तेवढ्या काळाचा बाँडचा प्रीमियम काम देणाऱ्याने भरावा, अशी अट करारात यायला हवी.

विमा कंपन्यांनीही एक गोष्ट मान्य करावी. आज त्या मोठ्या कंपन्यांनाच पुढे करतात आणि लहानाकडून तारण मागून बँकेचाच कित्ता गिरवतात. दिवाळखोरी संहितेत बँकेच्या हमीला जे स्थान आहे ते विमा बाँडला स्पष्ट शब्दांत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे आणि कायदा दुरुस्त झाला पाहिजे. तोवर दोन-पाच कोटींच्या कामांसाठी राखीव रकमेच्या बाँडपासून सुरुवात करता येईल. काम पुरे झालेले असते, मोजमाप झालेले असते, उरलेली जोखीम फक्त दुरुस्तीची असते. पालिकेने दोषदायित्वाच्या काळात कापलेले पाच टक्के असा बाँड घेऊन मोकळे केले तर आपल्या दोन कोटींच्या कामातले दहा लाख पुढच्या कामाच्या सिमेंटला लागतील.

तुमच्या बाजूने या आर्थिक वर्षात करण्यासारखे एवढेच: हातातल्या कामांचे पत्रक दर तिमाहीला सीएकडून तयार करून घ्या, प्रत्येक पूर्णत्वाचा दाखला मागून घ्या, वैयक्तिक आणि धंद्याचे खाते वेगळे करा. आणि निविदापूर्व बैठकीत, मग ती मुलुंडला असो की बोरिवलीला, मान्य हमीच्या साधनांत विमा बाँड का नाही हा प्रश्न लेखी विचारा, म्हणजे उत्तर शुद्धिपत्रकात छापावे लागेल.