मावशींवर ओरडून पोळी लवकर फुगत नाही

होस्टेलवर राहणाऱ्याला दोन रांगा काही चुकत नाहीत. एक दुपारी मेसची आणि दुसरी सबमिशनच्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेरची. दोन्हीकडे आपण एकच करतो. पुढे जो माणूस दिसेल त्याच्यावर डाफरतो. माझं मत विचाराल तर दोष माणसाचा कमी आणि कामाच्या मांडणीचा जास्त असतो. आणि मांडणी सुधारणं हेच तर आपल्यासारख्या इंजिनिअरांचं काम!

एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये जेफ कॉक्स यांच्यासोबत ‘द गोल’ ही कादंबरी लिहिली. होय, कारखान्यावरची कादंबरी! तिचं सार सोपं आहे. किती माल बाहेर पडणार हे सर्वांत कमी क्षमतेचं मशीन ठरवतं. बाकीची मशीन कितीही पळवा, त्याच्यापुढे अर्धवट मालाचे ढीग तेवढे साचतात. म्हणजे ‘सगळे सतत कामात दिसले की काम होतं’ हा आपला लाडका समजच चुकीचा.

आता मेसकडे वळू. समजा, तव्यावरून मिनिटाला १० पोळ्या उतरतात आणि प्रत्येकाला ४ लागतात. म्हणजे मिनिटाला अडीच जण, तासाला १५०. जेवणारे २०० असतील तर ५० जण प्रॅक्टिकलला उशिरा पोचणार किंवा नुसत्या भातावर भागवणार. टेबलं वाढवा, वाढपी वाढवा, आकडा १५०च राहतो. कारण अडचण तव्यावर आहे.

गोल्डरॅट यांनी पाच पायऱ्या सांगितल्या. पहिली, अडचणीची जागा शोधा. दुसरी, तिचा एक मिनिटही वाया घालवू नका. कणीक आधीच मळलेली हवी, सिलिंडर आधीच बदललेला हवा आणि तव्यावरच्या मावशींना पीठ आणायला उठावं लागू नये. तिसरी, बाकी सगळं तिच्या तालावर चालवा. तवा अर्धा तास आधी पेटवला तर ३०० पोळ्या डब्यात तयार राहतात. तासाभरात आणखी ६०० होतात. २०० जणांना लागतात ८००. आहे त्याच तव्यावर हिशोब बसला! एवढं करूनही कमी पडलं तर चौथी पायरी, म्हणजे दुसरा तवा घ्या. पाचवी, पुन्हा शोधायला लागा, कारण अडचण आता दुसरीकडे सरकलेली असते. कदाचित ताटं धुण्याच्या सिंकवर.

आपण मात्र थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो. ‘नवीन आणा’ म्हणून अर्ज देतो आणि अर्ज मंजूर होईपर्यंत मावशींना बोल लावतो.

सबमिशनचंही तेच. जर्नल तपासणारे सर एकच. त्यांचा वेळ इंडेक्स नाही, ग्राफ चिकटवला नाही, तारीख राहिली हे शोधण्यात जातो. हे तर आपण आपसांत आधीच तपासू शकतो. सरांनाही एक नम्र विनंती. सगळ्या बॅचेसना शेवटचा एकच दिवस देऊ नका. बॅचवार तारखा दिल्यात तर तुमचीही सुटका होईल.

यंदाच्या मेस कमिटीने फक्त एक आठवडा घड्याळ लावून तव्याजवळ उभं राहावं. काय बदलायचं ते त्या नोंदींवरून ठरवू. पण तोवर मावशींवर आवाज चढवणं बंद करू या. त्याला ना अर्ज लागतो, ना मंजुरी.