डिटेक्टर बसवा, पण सुटेल असा

पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची आधीच चाहूल देणारा रडार डिटेक्टर ठेवावा की नाही यावर आपल्याकडे जेवणानंतर तावातावाने चर्चा होते. तो गाडीत कसा बसवावा यावर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. खरं तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्वेनियात खासगी गाडीपुरतं कायद्यानेच देऊन ठेवलंय: चालतो. दुसऱ्याचं उत्तर ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे शोधलंय. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गाड्या लागल्या की पार्किंग लॉटमध्ये एक चक्कर मारा, सगळे शोध एका जागी पाहायला मिळतील.

त्यात ढोबळमानाने दोन पंथ आहेत. पहिला सक्शन कपवाल्यांचा. काचेच्या मधोमध डबी चिकटवलेली, तिची गुंडाळीदार वायर डॅशबोर्डवरच्या गणपतीला अर्धी प्रदक्षिणा घालून खाली सिगारेट लायटरच्या सॉकेटपर्यंत लोंबत आलेली. उन्हाळ्यात दुपारी कप सुटतो आणि डबी बरोबर वळणावर मांडीत पडते. दुसरा पंथ अदृश्यवाद्यांचा. त्यांचे अँटेना पुढच्या जाळीमागे, बटणं स्टिअरिंगखाली, आणि कुठे काय आहे ते फक्त मालकाला आणि बसवणाऱ्या दुकानाला ठाऊक. खर्च हजारांत. "कुणाला कळणारसुद्धा नाही," हे त्यांचं पालुपद. मंडळात कौतुक होतं ते याच पंथाचं, आणि माझा वादही याच पंथाशी आहे. पहिल्याशी काय वाद घालायचा? उन्हात सुटलेला कपच तो घालतो.

माझं म्हणणं असं आहे: वायर आणि बैठक कायमची असावी, यंत्र नसावं. वायर अशी जावी की शोधूनही सापडू नये, बैठक जागची हलू नये, आणि यंत्र मात्र एका हाताने, दोन सेकंदांत निघावं. त्यापलीकडची लपवाछपवी फक्त हौस आहे.

याचं सगळ्यात मोठं कारण आपला भूगोल. एडिसनहून हर्नडनला भाचीच्या बारशाला निघालात तर डेलावेअर, मेरीलँड ओलांडून तुम्ही व्हर्जिनियात शिरता. अमेरिकेत खासगी गाडीतही डिटेक्टरला बंदी असलेलं हे एकमेव राज्य, आणि त्याच्या शेजारी वॉशिंग्टन डीसी, तिथेही बंदी. "मी बंद करून ठेवला होता" हा बचाव व्हर्जिनियात चालत नाही. यंत्र गाडीत असणं हाच तिथे प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो आणि ते चालू होतं हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर नसते. सुटका एकच: यंत्राला वीज नको आणि ते ड्रायव्हरच्या किंवा इतर कुणा प्रवाशाच्या सहज हाती लागेल असं नको. म्हणजे काढून डिकीत, सामानाखाली. आरशाजवळच्या बैठकीवरचा डिटेक्टर मेरीलँड हाऊसला कॉफीसाठी थांबलात की कपात साखर विरघळायच्या आत निघतो. जाळीमागे स्क्रूने आवळलेला अँटेना तुम्ही कसा काढणार? "फ्यूज काढलाय, साहेब" हा युक्तिवाद कदाचित कोर्टात टिकेलही, पण तो वॉशिंग्टनभोवतीच्या बेल्टवेच्या कडेला, मागे निळे-लाल दिवे चमकत असताना मांडायचा नसतो. तेही अशा राज्यात, जिथे मर्यादेपेक्षा २० मैल जास्त किंवा ताशी ८५ मैलांच्या वर गाडी हाकणं हा फौजदारी गुन्हा आहे. आणि बेल्टवेवरचा वुड्रो विल्सन पूल घेतलात तर मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या मध्ये काही पावलांपुरते तुम्ही डीसीच्या हद्दीत असता, हेही लक्षात असू द्या.

"पण लपवलेला दिसणारच नाही ना!" दिसणार नाही, ऐकू येईल. डिटेक्टर हा शेवटी एक रेडिओ आहे. बाहेरून आलेली लहर ओळखण्यासाठी त्याच्या पोटात स्वतःची एक लहर तयार होते आणि तिचा थोडासा अंश बाहेर झिरपतो. डिटेक्टर पकडणारी यंत्रं पोलिसांकडे असतात, ती नेमकी ही गळती हेरतात. काही उत्पादकांनी गळती बरीच कमी केली आहे हे खरं, पण तुमच्या डोळ्यांना न दिसणं आणि त्या यंत्राला न दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओंटारियो तर आणखी कडक. तिथला कायदा नुसता "बसवलेला" म्हणून थांबत नाही. असं यंत्र गाडीत वाहून नेणंही गुन्हा आहे. डिकीतही चालत नाही, आणि पोलीस ते जप्त करू शकतात. आता आपल्यापैकी पाहुण्यांना घेऊन नायगाऱ्याला कोण गेलं नाही? आणि तिथवर गेल्यावर पासपोर्ट-व्हिसा जुळत असेल तर रेनबो ब्रिज ओलांडून पलीकडून धबधबा बघायचा मोह कुणाला आवरतो? त्या सहलीला डिटेक्टर घरी, कपाटात. जो यंत्रच काढू शकत नाही त्याने काय करावं? त्याला जाळीच उतरवावी लागेल.

आता जागेचं. रडारची लहर गाडीपर्यंत यावी लागते, आपटून परत जावी लागते, आणि मगच पोलिसाच्या यंत्राला वेग कळतो. डिटेक्टरला मात्र एकेरी प्रवासच पुरतो, म्हणून रडारला गाडी नीट दिसण्याच्या बऱ्याच आधी डिटेक्टरला रडार ऐकू येतं. या यंत्राचा सगळा फायदा एवढाच आहे, आणि बसवताना आपण तोच वाया घालवतो. आज पोलीस बहुतेक वापरतात त्या केए बँडची लहर जेमतेम ९ मिलिमीटर लांबीची. काच आणि प्लास्टिक ती पार करते, धातूपुढे मात्र तिचं काही चालत नाही. डबी डॅशबोर्डवर ठेवली की समोर थांबलेले वायपर आडवे येतात. काचेच्या अगदी वरच्या कडेला खुपसली की छताचा पत्रा. ज्या मॉडेलांना मागचाही अँटेना असतो, म्हणजे १९९२ पासून बाण दाखवणाऱ्या व्हॅलेंटाइन वनची जातकुळी, त्यांना मागच्या काचेतूनही बाहेर दिसावं लागतं. डबी खाली ठेवली तर मधे सीटांचे हेडरेस्ट आणि मागे बसलेल्या आजोबांची टोपी.

म्हणून जागा आरशाच्या दांड्याशी. दांड्याला आवळायची छोटी बैठक मिळते, गाडीच्या आरशाप्रमाणे निरनिराळ्या मापांत. यंत्र आरशाच्या अगदी खाली किंवा बाजूला येतं. तेवढी काच आरशाने आधीच अडवलेली असते, त्यामुळे रस्त्याचा नवा भाग झाकला जात नाही. तोंड समोर, डबी जमिनीशी समांतर. तरी एक गोष्ट आधी तपासा. काही महागड्या गाड्यांच्या काचेत ऊन परतवणारा धातूचा पातळ थर असतो. टोलच्या टॅगसाठी आरशापाशी एक तुकडा मोकळा सोडलेला असतो, तो कुठे आहे ते गाडीच्या पुस्तकात सापडतं. त्याच चिमुकल्या जागेवर ई-झेडपासचाही हक्क असतो. शिवाय आजकाल लेन पाळायला मदत करणारा कॅमेराही तिथेच. कॅमेऱ्यासमोर काहीही येता कामा नये, यात तडजोड नाही. सुबारूसारख्या गाड्यांत आरशाच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे असतात, तिथे इंच इंच मोजून बसवावं लागतं.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी वेगळी नोंद घ्यावी. तिथे काचेवर काही चिकटवायचंच तर खालच्या कोपऱ्यात: प्रवाशाच्या बाजूला ७ इंचांचा चौकोन, ड्रायव्हरच्या बाजूला ५ इंचांचा. आरशाच्या दांड्याला काच लागत नाही म्हणून पळवाट मिळाली असं समजू नका, कारण ड्रायव्हरची नजर अडवणाऱ्या वस्तूंवरचा नियम काचेपुरता नाही.

लेझरसाठी डबी खाली बसवावी असं कुणी सांगतं. पोलीस लेझर बंदूक नंबर प्लेटवर किंवा हेडलाइटवर रोखतात आणि तिचा झोत १००० फुटांवरही साधारण तीन फूटच रुंद असतो. डबी वर असो की खाली, ती वाजली तेव्हा तुमचा वेग बहुधा आधीच मोजून झालेला असतो. लेझरसाठी जागा बदलण्यात मला अर्थ वाटत नाही.

वायरीपाशी थोडं थांबू या, कारण नीटनेटकेपणाचा खरा कस तिथे लागतो आणि धोकाही तिथेच आहे. आरशापासून वायर काचेच्या वरच्या कडेने छताच्या अस्तरात ढकलायची. प्लास्टिकच्या पट्टीने ती सरसर आत जाते, लोखंडी स्क्रू ड्रायव्हर लावलात तर अस्तराला कायमचा ओरखडा. मग येतो काचेच्या बाजूचा तिरका खांब. त्याच्या आवरणावर बहुतेक गाड्यांत एअरबॅगची खूण कोरलेली असते. छताच्या कडेने, खांबापासून मागच्या सीटपर्यंत, पडद्यासारखी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते, आणि ती निमिषार्धात आवरण ढकलून बाहेर येते. वायर त्या घडीच्या पुढून नेली तर ती तिच्या वाटेत येते. ती घडीच्या मागून न्यायची आणि गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्याला झिप टायने बांधायची. पिवळे कनेक्टर दिसले की हात मागे, ते एअरबॅगचे. खांबाच्या आवरणाच्या क्लिपा कित्येक गाड्यांत एकदाच वापरायच्या असतात, तेव्हा उचकटण्याआधी नव्या आणून ठेवा. यूट्यूबवरचे पुष्कळ व्हिडिओ वायर नुसती आवरणाच्या फटीत दाबून मोकळे होतात. दिसायला सुरेखच दिसतं ते.

पुढे दरवाजाच्या रबराखालून डॅशबोर्डच्या कडेच्या फ्यूज बॉक्सपर्यंत. किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारा एखादा बिनमहत्त्वाचा फ्यूज टेस्टरने शोधायचा, सनरूफचा किंवा सॉकेटचा. एअरबॅग आणि ब्रेकच्या फ्यूजना चुकूनही हात लावायचा नाही. त्याच्या जागी फ्यूज टॅप लावायचा, त्यात मूळ फ्यूज परत बसवायचा, डिटेक्टरसाठी वेगळा २ अँपियरचा, आणि अर्थिंग गाडीच्या उघड्या धातूतल्या बोल्टला. आपोआप काळ्या होणाऱ्या आरशाच्या वायरीतूनच वीज घेण्याचा सोपा मार्ग लोकांना मोहात पाडतो, कारण वायर वीतभरच लागते. आरशामागे कॅमेऱ्याच्या माहितीच्या वायरी नसतील तर खुशाल घ्या. असतील तर वायरिंगची आकृती हातात असल्याशिवाय पिना टोचत बसू नका.

अदृश्यवाद्यांच्या पारड्यात टाकायला दोन गोष्टी माझ्याकडे आहेत. एक, काचेबाहेरचा अँटेना लांबचं जास्त चांगलं ऐकतो, हे मान्य. दोन, जर्सी सिटीत रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला आरशाखाली लटकणारी डबी म्हणजे चोराला निमंत्रण वाटतं. पण जी डबी दोन सेकंदांत निघते ती खिशात घालून घरी नेता येते. लोक हे करत नाहीत कारण त्यांची डबी निघतच नाही. आणि हाताशी असण्याचा एक फायदा असा की तिला गप्प करता येतं. सुपरमार्केटची आपोआप उघडणारी दारं, शेजारच्या लेनमधल्या गाडीचा ब्लाइंड स्पॉटचा रडार, हे बरेचदा २४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि डिटेक्टर उगाचच ओरडतो. तेव्हा बटण आरशापाशी असलेलं बरं.

गाडी लीजवर घेणारे आपल्यात थोडे नाहीत. तीन वर्षांनी गाडी परत द्यायची तेव्हा मी सांगितलेली वायर ओढून घेतली, फ्यूज जागच्या जागी लावला की कुठे खूणही उरत नाही, आणि यंत्र नव्या गाडीत जातं. जाळीमागचं यंत्र काढायला पुन्हा त्याच दुकानात, पुन्हा तेवढीच मजुरी.

ज्यांची सबंध काचच धातूच्या थराची आहे आणि आरशापाशीही मोकळा तुकडा नाही, त्यांना मात्र बाहेरच्या अँटेनाशिवाय दुसरा मार्ग नाही. त्यांनी खुशाल जाळीमागे बसवावा, आणि नायगाऱ्याला बायकोची गाडी न्यावी.