भरतीच्या मैदानापलीकडे

साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव आपल्या नावाला ‘मिलिटरी’ ही बिरुदावली अभिमानाने जोडते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. देशातले पहिले सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाले. तो वारसा आजही टिकून आहे. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत पहाटेच्या अंधारात सोळाशे मीटरची वेळ लावून पळणारी पोरे दिसतात. त्यांच्या जिद्दीबद्दल शंका नाही. पण काही सेकंदांनी मागे पडलेल्या, छाती कमी भरलेल्या किंवा वयात बाद झालेल्या मुलाला संरक्षण क्षेत्राचे दार कायमचे बंद झाले असे वाटते आणि त्याचे महाविद्यालयही दुसरे दार दाखवत नाही, हे खरे दुखणे आहे.

ती दारे फार लांबही नाहीत. पिनाका रॉकेट प्रणालीचा आराखडा पुण्यात पाषाणच्या ‘एआरडीई’ प्रयोगशाळेत तयार झाला. क्षेपणास्त्रांचे इंधन आणि स्फोटके यांवर सुतारवाडीत संशोधन चालते, लष्कराचे पूल दिघीत विकसित होतात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतल्या ‘म्युनिशन्स इंडिया’चे मुख्यालय पुण्यातच आहे. इथे काम करणारे बहुतेक जण वर्दीविना देशाचे संरक्षण करतात. अभियंत्याला ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेत (‘डीआरडीओ’) शास्त्रज्ञपदासाठी अर्ज करता येतो. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून लष्करी अभियांत्रिकी सेवेत (‘एमईएस’) कनिष्ठ अभियंता होता येते. पदवीधरांना संरक्षण लेखा विभागात लेखापरीक्षकाची वाट आहे, तर आयटीआयच्या फिटर-मशिनिस्टला आयुध कारखान्यातल्या अप्रेंटिसशिपची.

सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांना वर्दीबाहेरच्या या वाटा नव्या वाटण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे इथे जन्मलेले आणि कराडमध्ये घडलेले यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या आक्रमणाच्या ऐन धामधुमीत, संरक्षणमंत्री झाले. संरक्षण उत्पादनाचा स्वतंत्र विभागही त्याच महिन्यातला. सीमेवरच्या जवानामागे कारखाना, प्रयोगशाळा आणि हिशेबाचे टेबल भक्कम हवे, हा धडा देशाने तेव्हा मोठी किंमत मोजून घेतला.

या नोकऱ्या सोप्या नाहीत. जागा मोजक्या, परीक्षा कठीण आणि स्पर्धा देशभरातली. म्हणूनच तयारी पदवीनंतर नव्हे, दुसऱ्या वर्षापासून हवी. सांगलीचे वालचंद, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शिवाजी विद्यापीठ यांनी एकत्र येऊन पुण्याच्या प्रयोगशाळांशी अंतिम वर्षाच्या प्रकल्पांसाठी बोलणी करावीत. आयुध कारखान्यांतून निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांना वर्गात बोलवावे. जिथे उंची-छातीचे माप आड येत नाही, तिथे मुलींनाही आवर्जून पुढे आणावे. अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होतात; परतणाऱ्या बाकीच्यांनाही या वाटा ठाऊक असायला हव्यात.

यासाठी नवी इमारत नको की मोठा निधी नको. प्रत्येक महाविद्यालयात एक जबाबदार प्राध्यापक आणि परीक्षांचे वर्षभराचे वेळापत्रक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. येत्या शैक्षणिक वर्षाच्या माहितीपत्रकात त्या प्राध्यापकाचे नाव छापून यावे. तोवर पोरांना नुसते ‘पळत राहा’ म्हणण्याचा नैतिक अधिकार महाविद्यालयांना नाही.