पाटी बदलली, फाटकाचे काय?

'तुरुंग' हा शब्द सरकारी भाषेतून केव्हाच मागे पडला. खात्याला आज 'कारागृह व सुधारसेवा' असे नाव आहे आणि 'सुधारणा व पुनर्वसन' हे त्याचे ब्रीद आहे. ब्रीद चांगलेच आहे. प्रश्न एवढाच की, पाटीवरचे शब्द बराकीपर्यंत पोचतात काय?

१८९४ च्या कायद्याचा सारा भर कैद्याला कोंडून ठेवण्यावर आणि शिस्तीवर होता. न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने १९८३ साली ही दृष्टीच बदलण्यास सांगितले. राष्ट्रीय धोरण आखावे, प्रशिक्षित अधिकाऱ्यांची अखिल भारतीय तुरुंगसेवा उभारावी, अशा तिच्या शिफारशी होत्या. ती सेवा आजही अस्तित्वात नाही. पुढे ४० वर्षांनी, २०२३ साली, केंद्राने आदर्श कायदा तयार करून राज्यांकडे धाडला. पण तुरुंग हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. तेव्हा केंद्राचा आदर्श पाळणे राज्यांच्या इच्छेवर राहिले.

आराखडे वरून येतात आणि फाटकाशी अडतात, याचे कारण आकड्यांत आहे. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे शेकडा ७६, कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही, त्यांची 'सुधारणा' ती कोणती करावयाची? ज्यांना आत ठेवण्याचे कारण उरलेले नाही त्यांना बाहेर काढणे, हाच तुरुंगसेवेतील पहिला बदल होय. त्याने शिपायाच्या पाठीवरचा भारही हलका होईल.

जालना जिल्ह्यापुरता विचार करू. येथील पोलाद कारखान्यांत राबणारा परप्रांतीय मजूर किंवा मंठा-घनसावंगीकडचा भूमिहीन ऊसतोड्या पकडला गेला, तर जामीन मंजूर होऊनही सातबारा असलेला जामीनदार त्याने आणावा कोठून? अशा वेळी त्याला कोंडून ठेवते ते दारिद्र्य, अपराध नव्हे.

यावर उपाय कागदावर आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी वगळता, पहिल्याच गुन्ह्यातील आरोपी कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर व इतर आरोपी निम्म्या काळानंतर सुटकेस पात्र ठरतात. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. २०२३ च्या केंद्रीय योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक साहाय्याची तरतूद असून त्यासाठी जिल्हा पातळीवर समिती आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कामे वाटणारे तुरुंगनियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले.

'हा गुन्हेगारांचा पुळका आहे' असे म्हणणारे भेटतील. १९७५ साली विनाचौकशी कोंडलेल्यांनाही देशद्रोहीच म्हटले जात होते, हे त्यांना स्मरण करून द्यावे.

आता काम आपले आहे. किती कैदी एकतृतीयांश मुदत ओलांडून गेले, अधीक्षकांनी किती अर्ज केले, योजनेतून किती जण सुटले, हे तीन प्रश्न जिल्हाधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे दर महिन्याला लेखी विचारले पाहिजेत. माहितीचा अधिकार त्यासाठीच मिळविला आहे. बाहेर विचारणारे कोणी आहे असे कळल्याखेरीज आतले फाटक हलत नाही.